शिंगणापूर रोडवरची बैलाच्या चरकाची रसवंती : रस पाचपैकी पाच, माणूस पाचपैकी चार

रस एक नंबर आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढंच बघायचंय त्यांना खालचं पुराण वाचत बसायला नको. शनिशिंगणापूरला जाताना रस्त्याच्या कडेला लाकडी चरकाच्या रसवंत्या लागतात, बैल गोल फिरतोय, घुंगरं वाजतायत, वर पाचटाचं छप्पर, पोरं बैलाबरोबर सेल्फी काढतायत, शिर्डी-शिंगणापूर केलेल्या प्रत्येकाने हे बघितलंय. त्यातलीच ही एक. नाव देत नाहीये, कारण पुढे त्या माणसाच्या घरातलंही थोडं येणार आहे आणि ते नावानिशी लिहिणं बरं दिसत नाही. तसंही नाव सांगून फार उपयोग झाला नसता, आपल्याकडे जिकडे बघाल तिकडे रसवंतीचं नाव नवनाथ नाहीतर कानिफनाथच असतं.

साधा ग्लास 20, मोठा 30. बर्फ नाही. म्हणजे मागितला तरी नाही, ठेवतच नाही. ऊस ओल्या पोत्याखाली झाकून ठेवलेला असतो त्यामुळे रस आपोआप बऱ्यापैकी गार येतो, आणि ज्यांना दातात कळ येईल इतका थंड लागतो त्यांनी पुढे जावं असं तो तोंडावर सांगतो. रसवंतीत बर्फ म्हणजे मालकाचा खरा नफा असतो हे लक्षात घ्या, अर्धा ग्लास तर बर्फानेच भरतो, आणि तो बर्फ कुठल्या पाण्याचा ते कोणी विचारत नाही. 2018 साली आपल्याकडे नियम आला की खायचा नसलेला बर्फ निळा रंगवायचा म्हणजे लोकांना ओळखू येईल, आता रस्त्यावर निळा बर्फ कितीजणांनी बघितलाय त्यांनी हात वर करा. तर याने तो विषयच ठेवला नाहीये. आलं आणि लिंबू मागाल तेवढं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. चव म्हणाल तर लोखंडी मशीनच्या रसात जो एक सालीचा कडवट मागचा घोट असतो तो इथे नाही, लाकडी चरकामुळे की ऊस नीट सोलून घेतात म्हणून, मला वाटतं सोलण्यामुळेच, पण चरकाचं कौतुक करायला लोकांना आवडतं.

आता मी हे एवढं लांबलचक का लिहितोय ते सांगतो.

बैलाचे फोटो काढायला मी मागच्या बाजूला गेलो होतो, जिथून चरकाचा आडवा दांडा फिरतो तिथे, आणि गिऱ्हाइकं सगळी पुढे, पाठ करून बसलेली. मालक मोळीतून ऊस ओढत होता. एक ऊस घेतला, गुडघ्यावर काडकन मोडला, तोंडाशी नेऊन वास घेतला आणि टाकला चिपाडाच्या ढिगात. दुसरा मोडला, तोही टाकला. तिसरा मोडल्यावर त्याने कोयत्याने उभा चिरला, मी वाकून बघितलं तर आतून लाल, आणि त्या लालात मध्येच पांढरे आडवे पट्टे, वास आंबूस, दारूसारखा. शेतकऱ्यांना माहीत असेल, लाल कूज म्हणतात ती. बाहेरून ऊस चांगला टणक दिसत होता. त्या मोळीतले बरेच ऊस तसेच गेले. बैलाला घालायला ठेवले असतील म्हणून विचारलं तर म्हणाला बैलाला तरी का.

मी म्हटलं, "काका, आल्या-लिंबात कळलंही नसतं कुणाला."

तो म्हणाला, "तुमाला नसतं कळलं." आणि पुढचा ऊस घेतला.

बस एवढंच झालं. याच्यावर त्याने भाषण दिलं नाही, "आपल्याला असलं चालत नाही साहेब" वगैरे काही नाही. खरं सांगायचं तर मी तिथे उभा आहे हेच त्याला आवडलं नव्हतं, बैल बुजतो म्हणाला, पुढे जाऊन बसा.

या धंद्याचं गणित जरा डोक्यात घ्या मग कळेल मला त्याचं एवढं काय वाटलं. आपल्या गल्लीतला किराणावाला वजनात मारत नाही, कारण उद्या आपण परत त्याच्याकडेच जाणार असतो आणि तो ते ओळखून असतो. त्याचा प्रामाणिकपणा खोटा असतो असं नाही, पण त्याला धंद्याचा टेकू असतो. शिंगणापूर रोडला तो टेकूच नाही. तिथे थांबणाऱ्या गाड्यांच्या नंबरप्लेट बघा, गुजरात, मध्य प्रदेश, तेलंगण, आपल्या मुंबई-पुण्याच्या. साडेसाती लागली म्हणून आलेला माणूस साडेसाती संपल्यावर कशाला येतोय. आज रस पिऊन गेलेलं गिऱ्हाईक परत त्याच ठेल्यावर थांबेल याची शक्यता जवळपास नाही, आणि पोट बिघडलं तरी ते दोनशे किलोमीटर पुढे गेल्यावर बिघडणार, दोष तिथल्या ढाब्याला जाणार. म्हणजे इथे फसवणं फुकट आहे. कोणी बघत नाही, कोणी परत येत नाही, कोणी पकडत नाही. माणसाचा स्वभाव बघायचा असेल तर असल्याच जागी बघावा, जिथे चांगलं वागून एक पैचा फायदा नाही आणि वाईट वागून तोटा नाही.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, अरे शिंगणापूर आहे ते, तिथे शनिदेवाच्या भीतीने कोणी वाकडं वागतच नाही. माझ्या मेहुण्याने गाडीत तेच म्हटलं. मेहुणा सीए आहे, त्याला कुठल्याही गोष्टीमागे कारण लागतं आणि ते शक्यतो स्वस्त लागतं.

तर शिंगणापूरचं बोलू. नेवासा तालुक्यातलं गाव, जिल्हा आधीचा अहमदनगर, आता अहिल्यानगर. घरांना दारं नाहीत, कुलपं नाहीत, चौकट आहे पण फळी नाही, फार तर कुत्री आत येऊ नयेत म्हणून एखादी फळी टेकवलेली किंवा पडदा लावलेला. श्रद्धा अशी की गावात चोरी करणाऱ्याला शनिदेव सोडत नाही. 2011 साली युको बँकेने तिथे बिनकुलपाची शाखा काढली तेव्हा देशभर बातमी झाली होती. हे सगळं खरं आहे आणि बघायला भारीच वाटतं, पण त्याच्याच आधी 2010 मध्ये बाहेरून आलेल्या एका भाविकाने गाडीतून पैसे आणि वस्तू चोरीला गेल्याची तक्रार दिली होती, आणि 2015 मध्ये गावात पोलीस ठाणंही आलं. मी गावाला नावं ठेवत नाहीये, एवढी शतकं नाही म्हणा पण एवढी वर्षं एवढ्या लोकांनी बिनदाराच्या घरात निवांत झोपणं ही साधी गोष्ट नाही, माझ्या सोसायटीत तर चपलांनाही साखळी लावावी लागते. मुद्दा वेगळा आहे. भीती म्हणजे वॉचमन, त्याला जे राखायला सांगितलंय तेवढंच तो राखतो. शनिदेवाच्या भीतीने राखलंय काय, तर चोरी. दुसऱ्याच्या घरात शिरून वस्तू उचलायची नाही. ठीक. पण वीस रुपयांची वस्तू दोनशेला विकली तर ती चोरी आहे का? तो वॉचमन म्हणतो माझ्या यादीत नाही.

आणि म्हणूनच त्या देवाच्या अगदी नाकासमोर काय चालतं ते बघा. जे गेलेत त्यांना लटकू हा प्रकार माहीत असेल, गाडी वळणावर जरा हळू झाली की बाइकवरून पोरं मागे लागतात, माऊली पार्किंग इकडे, दादा पार्किंग फ्री आहे, ताई चपला इथे काढा, एवढं गोड बोलतात की सख्खा भाऊ बोलणार नाही. पार्किंग खरंच फ्री निघतं, फक्त त्याच्या शेजारच्या दुकानातून पूजेचं ताट घ्यावं लागतं, त्यात तेलाची बाटली, रुईच्या पानांची माळ, काळं कापड, उडीद, घोड्याची नाल, आणि आमच्या ताटाचं बिल त्या दुकानदाराने जे सांगितलं ते मी इथे लिहीत नाही, आईने पर्समधून मुकाट्याने काढून दिले कारण देवाच्या दारात घासाघीस करायची नाही हा तिचा नियम आहे, आणि तो नियम त्या दुकानदाराला आमच्यापेक्षा जास्त चांगला माहीत होता. अजून ऐका, शिळेवर जे तेल वाहतात त्यात इतकी भेसळ व्हायला लागली की शिळेची झीज होईल अशी काळजी वाटायला लागली, आणि 2025 मध्ये तिथे ठरवावं लागलं की फक्त शुद्ध, ब्रँडेड तेलच वाहायचं. म्हणजे न्यायाचा देव, ज्याच्या नावाने लोक थरथर कापतात, त्याच्याच डोक्यावर भेसळीचं तेल. आता सांगा भीतीने माणूस किती सुधारतो.

रसवंतीवाल्याला मी विचारलं होतं की तुम्ही दर शनिवारी दर्शनाला जात असाल. तो म्हणाला, "शनवारी? शनवारी धंदा आसतो." गळ्यात तुळशीची माळ आहे, म्हणजे माळकरी आहे, वारीला जातो असं नंतर कळलं. पण शनीच्या भीतीने वगैरे लाल ऊस टाकतोय असं मला काही त्याच्याकडे बघून वाटलं नाही. भीतीने वागणारा माणूस जरा इकडेतिकडे बघतो. हा बघत नव्हता.

आणि हो, गोड माणूस अजिबात नाही हे लिहून ठेवा, नाहीतर तुम्ही जाल आणि मला शिव्या द्याल. आवाज चढा, कपाळाला आठी कायमची. एक लहान पोरगं बैलाच्या शेपटीला हात लावायला गेलं आणि त्याचा बाप व्हिडिओ काढत उभा, तर त्या बापाला असा झापला की, "बैल हाय त्यो, खेळणं न्हाई, तुमी सोता फिरा बरं या उनात धा मिंटं." ती फॅमिली ऑर्डर न देता निघून गेली. त्याच्याकडे दोन बैल आहेत, एक फिरतो एक सावलीत बसून वाढं खातो, आणि बैल बदलायची वेळ झाली की समोर कितीही गर्दी असू दे तो चरक थांबवतो, जू सोडतो, पाणी पाजतो, दुसरा बांधतो, तोपर्यंत सगळ्यांनी गप बसायचं. आमच्या शेजारच्या बाकावरचे एक काका वैतागून म्हणाले हा धंदा करतोय का उपकार. मला विचाराल तर दिवसभरात माझ्याशी सगळ्यात गोड बोललेली माणसं ती पार्किंगवाली पोरं होती. माणूस चांगला आहे की नाही हे तो आपल्याशी कसा बोलतो यावरून ठरवायची आपल्याला एवढी सवय लागलीये की रेटिंगमध्ये सुद्धा लोक "स्टाफ पोलाइट" लिहून पाच स्टार देऊन येतात आणि बिलात सर्व्हिस चार्ज लावलाय ते बघतच नाहीत. इथे स्टाफ पोलाइट नाहीये. बैलाला मात्र रिव्ह्यू लिहिता येत असता तर त्याने पाच दिले असते.

पैशाचं. क्यूआर कोड आहे, पण रेंजची बोंब. सुरतेच्या एका कुटुंबाने मोठे सहा ग्लास घेतले आणि पेमेंट ते गोल गोल फिरत राहिलं, कॅश त्यांच्याकडे नाही, बिचारे ओशाळले. हा म्हणाला जावा, आलं तं आलं. नंबर घेतला नाही, गाडीचा फोटो काढला नाही. मी तेव्हा तिथेच होतो, आले का नंतर ते मला माहीत नाही आणि विचारलंही नाही.

यावर मेहुण्याचं म्हणणं असं की 180 रुपयांचा चांगुलपणा कोणालाही परवडतो, त्याच्या पुढ्यात पाच लाख ठेव मग बघू. हे वाक्य ऐकायला फार हुशार वाटतं आणि मलाही दोन मिनिटं उत्तर सुचलं नाही. पण मला उलट वाटतं. पाच लाखाच्या वेळेला माणूस जागा असतो, दहा वेळा विचार करतो, लोक काय म्हणतील, पकडलो तर, पेपरात नाव येईल तर, वगैरे सगळं डोक्यात येतं आणि त्यातून कधी चांगलंही वागून जातो. आणि पाच लाखाचा प्रसंग आयुष्यात येतो किती वेळा? ऊस मोडायचा प्रसंग रोज येतो, दर मोळीला येतो. हा माणूस ऊस मोडून वास घेताना कसलाही नैतिक निर्णय वगैरे घेत नव्हता, शप्पथ सांगतो, त्याचं लक्ष अर्धं बैलाकडे होतं. हाताला सवय होती. खराब ऊस टाकायचा म्हणजे टाकायचा, त्यात ठरवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मला वाटतं सज्जनपणा म्हणतात तो असाच असतो, किरकोळ गोष्टीत मुरत मुरत जातो आणि मग त्याच्यासाठी वेगळा जोर लावावा लागत नाही. जोर लावून चांगलं वागणारा माणूसही चांगलाच, पण तो दमतो कधीतरी.

तर मेहुणा म्हणतो (हा मुद्दा त्याचा भारी होता, मान्य), सवयीनेच करतोय तर मग त्याचं कौतुक कशाचं, बैलही सवयीनेच फिरतोय. मी म्हटलं बैलाला चुकायची सोय नाही, दांड्याला बांधलाय. याला चुकायची सोय रोज आहे, तो लाल ऊस चरकात सरकवायला काय लागतं, हात दोन वीत इकडे. ती सोय असून वर्षानुवर्षं हात तिकडे गेला नाही, तेव्हा कुठे ती सवय झाली ना. सवय आयती मिळालेली नाही, कमावलेली आहे. मेहुणा गप्प झाला, पटलं म्हणून की राहुरी आली आणि त्याला भेळ दिसली म्हणून, ते सांगता येणार नाही.

इथपर्यंत मी पाचपैकी पाच देणार होतो.

पण मी फोटो काढायला मागे गेलो होतो म्हटलं ना, तिथे त्याची बायको ऊस सोलत बसली होती. पाचटाचं छप्पर पुढे गिऱ्हाइकांवर आहे, गल्ल्यावर आहे, बैलाच्या जागेवर पण एका बाजूला गोणपाट ताणलंय. मागे ती बसते तिथे काही नाही. दुपारचं नगर जिल्ह्यातलं ऊन, एप्रिल, डोक्यावर फक्त पदर, समोर मोळी, हातात कोयता, आणि तासायचं काम थांबत नाही कारण पुढे रस थांबत नाही. ज्या सोलण्यामुळे तो कडवटपणा जातो असं मी वर लिहिलंय ते सोलणं तिचं. माझी बायको तिच्याशी बोलली, पहाटे मोळ्या उतरवून घ्यायच्या, स्वयंपाक, मग दिवसभर हे, आणि पैशाचं सगळं मालक बघतात म्हणाली. मी त्याला विचारलं, काका काकूंना सावली का नाही केली. तो म्हणाला, "तिला सव हाय."

हे उत्तर माझ्या डोक्यातून गेलं नाही. बैलाला उन्हात दहा मिनिटं जास्त फिरवायचं नाही हे ज्याला कळतं त्याला हे दिसू नये? दिसत नाही खरंच, तो लबाडी करत नव्हता, त्याच सरळ चेहऱ्याने बोलला ज्या चेहऱ्याने ऊस टाकला. म्हणजे एका बाबतीत हात इतका तयार झालाय आणि दुसऱ्या बाबतीत तोच हात बधिर. आणि हे त्या एकट्याचं नाही, आपल्या सगळ्यांच्या घरी कमी-जास्त तेच आहे, माझी आई लग्नाच्या पंगतीत अजून शेवटी बसते आणि आम्ही सगळे प्रामाणिक, सज्जन, टॅक्स भरणारे लोक आधी जेवून हात धुतो. शिंगणापूरचंच बघा की, ज्या गावात कोणाच्याही घराला दार नाही तिथल्या चौथऱ्यावर बायकांना चढायला बंदी होती, 2016 मध्ये आंदोलन झालं, प्रकरण हायकोर्टात गेलं, तेव्हा कुठे ती उठली. गावाला त्यात काही खटकलं नसेल, सवय होती.

मेहुण्याला मी हे सांगितल्यावर तो खूश, म्हणे बघ, तुझा संत गेला. अजिबात नाही गेला. मी त्याला संत म्हटलंच नव्हतं. सगळ्या बाजूंनी चांगला माणूस मी तरी पाहिला नाही, आणि एका बाजूने खोट निघाली म्हणून दुसरी बाजू नकली ठरवायची ही पण एक प्रकारची हावच आहे, म्हणजे आपल्याला कोणाला चांगलं म्हणायचे कष्ट नकोत. लाल ऊस त्याने टाकला, ते खरंच आहे. बायको उन्हात बसलीये, तेही खरंच आहे. दोन्ही लिहितो. म्हणून चार.

बाकी जाणाऱ्यांसाठी. शनिवारी आणि शनी अमावास्येला जाऊ नका, रस्ताच तुंबतो, रसवंतीपाशी गाडी लावायला जागा मिळत नाही. सकाळी अकराच्या आत गेलात तर ऊस ताजा तोडलेला असतो, ८६०३२ जातीचाच असतो बहुतेक, बाजूला सगळा कारखान्याचाच पट्टा आहे. बसायला लाकडी बाक, पाठ टेकायला काही नाही, ज्येष्ठांना गाडीतच रस नेऊन द्यावा लागेल. टॉयलेट नाही. माश्या आहेत, रसवंतीत माश्या नसत्या तर मला जास्त संशय आला असता. ग्लास काचेचे, समोरच धुतात. बाटलीत भरून देत नाही, "तासाभरात खराब व्हतो, घरी जाऊन मला नावं ठिवताल" म्हणतो, तेव्हा आग्रह करू नका, ओरडा खाल. मोठाच ग्लास घ्या.

आणि निघताना मी त्याला सांगूनही आलोय की मागच्या बाजूला छप्पर दोन हात वाढवा, मी पाचवा स्टार टाकतो. स्टार म्हणजे काय ते त्याला मोबाईलवर दाखवलं. त्याने बघितलं, मग वर छपराकडे बघितलं, आणि म्हणाला पाचट लई महाग झालंय.